गाडी किती खाली घ्यायची? आकडा मोजून काढण्याची पद्धत

टायर आणि फेंडरच्या, म्हणजे चाकावरच्या पत्र्याच्या, मध्ये चार बोटं सहज जातात आणि ती फट डोळ्यांत खुपत राहते. स्पोर्ट्स कार घेतली की बहुतेकांचं इथूनच सुरू होतं. मग ओळखीतलं कुणीतरी सांगतं, "चाळीस मिमीच्या स्प्रिंग टाक, गाडी काय बसते बघ!"

मी माझी बीएमडब्ल्यू झेड-फोर सेकंडहँड घेतली तेव्हा आधीच्या मालकाने ती अशीच चाळीस मिमी खाली घेतलेली होती. उभी असली की नजर हटत नसे. पहिल्याच पावसाळ्यात, पौडच्या पुढे एका गावात नव्याने घातलेल्या अरुंद स्पीडब्रेकरवर चेंबर (इंजिनखालचं ऑइलचं भांडं) लागला. मागे वळून पाहिलं तर ऑइलची काळी रेघ थेट गाडीपर्यंत आलेली. त्या संध्याकाळी टोइंगवाल्याची वाट बघत बसलो असताना एक गोष्ट लक्षात आली. चाळीस हा आकडा कुणी मोजून काढलेलाच नव्हता. बाजारात त्या मापाच्या स्प्रिंग मिळाल्या आणि त्या बसवल्या, एवढंच.

म्हणून हा लेख. गाडी खाली घ्यायला माझा विरोध नाही, माझी आजही खाली आहे. पण किती, हे ठरवायला तीन मापं घ्यावी लागतात: तुमचा रस्ता किती परवानगी देतो, सस्पेन्शनचा ट्रॅव्हल (चाकाला वर जायची जागा) किती शिल्लक आहे, आणि पुढच्या लोअर आर्मचा (चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणाऱ्या खालच्या दांड्याचा) कोन किती सहन करतो. तीन आकडे येतील. त्यातला सगळ्यात लहान तो तुमचा. हे सगळं एका शनिवार-रविवारात घरच्या पार्किंगमध्ये होतं. लागतं काय, तर मोजपट्टी, जॅक आणि त्यासोबत दोन मजबूत स्टँड, केबल टाय आणि थोडा फोम.

आधी कायद्याचं

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये नियमबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. पार्ट मागवण्याआधी तुमच्या आरटीओत आणि विमा कंपनीकडे लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. अपघातानंतर क्लेमच्या वेळी हा विषय निघाला, तर तोंडी "चालतं हो" उपयोगाला येत नाही. मूळ स्प्रिंग आणि शॉकअप कधीही विकू नका. माळ्यावर ठेवा.

पायरी १: आज गाडी किती उंच आहे?

जमिनीपासून फेंडरपर्यंत मोजू नका. टायर झिजला, हवा दोन पॉइंट कमी-जास्त झाली की ते माप बदलतं. चाकाच्या मध्यबिंदूपासून सरळ वर फेंडरच्या कडेपर्यंत मोजा. जमीन सपाट हवी, टाकी अर्धी भरलेली आणि ड्रायव्हरच्या सीटवर कुणीतरी तुमच्या वजनाचं बसलेलं. मोजण्याआधी गाडी दहा-पंधरा फूट पुढे-मागे करून घ्या, म्हणजे सस्पेन्शन आपल्या जागी बसतं. चारही चाकांचे आकडे तारखेसह वहीत लिहा. डाव्या-उजव्या बाजूत चार-पाच मिमीचा फरक निघाला तर घाबरू नका, पण त्याहून बराच जास्त असेल तर आधी थकलेली स्प्रिंग किंवा फाटलेला बुश (सांध्यातलं रबर) शोधा. आजारी गाडी खाली घेऊ नये.

मग गाडीखाली डोकं घाला आणि जमिनीच्या सगळ्यात जवळ काय आहे ते पाहा. पुढच्या बंपरचा ओठ, चेंबर, सबफ्रेम (सस्पेन्शन जिथे जोडलेलं असतं ती खालची चौकट), सायलेन्सरचा पाइप, दाराखालची पट्टी. प्रत्येकाची जमिनीपासूनची उंची लिहा. ब्रोशरमधला ग्राउंड क्लिअरन्स बहुतेक वेळा रिकाम्या गाडीचा असतो. तुम्ही, शेजारी बसलेलं माणूस आणि मागच्या डिकीतल्या दोन बॅगा त्यात धरलेल्या नसतात.

पायरी २: रस्त्याचा आकडा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. तुमच्या गाडीचा आकडा तुमच्या रोजच्या वाटेवरची सगळ्यात वाईट जागा ठरवते, आणि ती जागा फक्त तुम्हाला माहीत असते.

आधी रॅम्प. सोसायटीच्या तळघरातला, ऑफिसमधला, मॉलमधला. टायर जिथे जमिनीला टेकतो तिथून बंपरच्या ओठापर्यंतचं आडवं अंतर मोजा, आणि ओठाची जमिनीपासूनची उंची मोजा. समजा अंतर ७०० मिमी आणि उंची १५० मिमी आली. म्हणजे कोन साधारण १२ अंश. पाच फुटांत एक फूट चढणारा रॅम्प ११.३ अंशांचा असतो, म्हणजे आज तुम्ही जेमतेम चढताय. गाडी ३० मिमी खाली घेतली की ओठ १२० मिमीवर येतो आणि कोन होतो ९.७ अंश. त्याच रॅम्पवर आता ओठ रोज घासणार. टायर गोल असल्यामुळे प्रत्यक्षातला कोन या हिशोबापेक्षा किंचित जास्त मिळतो. पण ब्रेक दाबला की नाक खाली जातं आणि तो फायदा तिथेच संपतो, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नका. उतरताना रॅम्पच्या तळाशी ब्रेकवर पाय असतोच.

आता स्पीडब्रेकर. याबाबत बहुतेकांचा एक गैरसमज असतो, माझाही होता, की उंची सगळं ठरवते. खरं तर रुंदी जास्त महत्त्वाची. भारतीय रोड काँग्रेसच्या मापानुसार गोलाकार गतिरोधक १७ मीटर त्रिज्येचा, ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. अशा गतिरोधकावर अडीच मीटर व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांत तेवढं अंतर असलेली) गाडी पूर्ण चढते, दोन्ही चाकं उंचवट्यावरच असतात, आणि पोटाखालची फक्त ४६ मिमी जागा कमी होते. झेड-फोरचा व्हीलबेस जवळपास तेवढाच आहे. १२० मिमी क्लिअरन्स असलेली गाडीसुद्धा यावरून सावकाश, निर्धास्त जाते.

पण गावात रातोरात घातलेला डांबराचा उंचवटा एखाद मीटर रुंद असतो. पुढची चाकं तो ओलांडून पलीकडे सपाट रस्त्यावर उतरतात, मागची अजून अलीकडे असतात, आणि पूर्ण उंचवटा पोटाखाली येतो. तो १३० मिमी उंच असेल तर १३० मिमी जागा जाते. माझा चेंबर फुटला तो असाच. तेव्हा तुमच्या वाटेवरचे अरुंद उंचवटे शोधा. सकाळी लवकर, वाहतूक नसताना, एक सरळ काठी उंचवट्यावर आडवी ठेवून तिच्या टोकांपासून रस्त्यापर्यंत मोजलं की उंची कळते. गर्दीच्या रस्त्यावर हे करू नका. तिथे पुढची चाचणी वापरा.

ही चाचणी मला सगळ्यात उपयोगाची वाटते, कारण ती एकही पार्ट न विकत घेता होते. जितकी गाडी खाली घ्यायचा विचार आहे तितक्या जाडीची फोमची पट्टी घ्या, समजा २५ मिमी, आणि बंपरच्या ओठाखाली व सबफ्रेमखाली मजबूत टेपने चिकटवा. सायलेन्सर आणि गरम होणाऱ्या कुठल्याही भागापासून ती दूर ठेवा, नाहीतर पेट घेईल. फिरणाऱ्या भागांपासूनही लांब. मग आठवडाभर नेहमीसारखी गाडी चालवा. ऑफिस, भाजी, रविवारी सिंहगड, आणि एक दिवस शेजारी माणूस बसवून. रोज संध्याकाळी फोम बघा. टोकाला थोडा खरचटला असेल तर तुम्ही हद्दीवर आहात. फाटून निघाला असेल तर पुढच्या आठवड्यात १५ मिमीचा लावा. जी जाडी आठवडाभर धड राहिली तो तुमचा रस्त्याचा आकडा. शक्य असेल तर हे पावसाळ्यात करा. खड्डे तेव्हाच खोल असतात आणि पाण्याखाली दिसत नाहीत. कोकणात किंवा ताम्हिणीच्या बाजूला वरचेवर जात असाल तर पावसाळ्यात मिळालेला आकडाच खरा धरा.

पायरी ३: ट्रॅव्हलचा आकडा

चाक वर जायला जी जागा असते तो ट्रॅव्हल. तो संपला की शॉकअप बंप स्टॉपवर, म्हणजे रबरी ठोकळ्यावर आदळतो. गाडी ३० मिमी खाली घेतली की वर जाणारा ट्रॅव्हल ३० मिमीने कमी होतो. एवढं साधं गणित असूनही ते कुणी करत नाही.

आज तुम्ही त्यातला किती वापरता ते बघूया. गाडी चारही चाकांवर उभी असताना, शॉकअपवरचं धुळीचं रबर वर सरकवून, चकचकीत दांड्यावर एक बारीक केबल टाय आवळा आणि ती नळकांड्याच्या तोंडाशी टेकवा. ती हाताने सरकेल पण आपोआप घसरणार नाही इतपत घट्ट हवी. त्याच वेळी नळकांड्याच्या तोंडापासून बंप स्टॉपपर्यंतचं अंतरही मोजून ठेवा. मग आठवडाभर गाडी चालवा. शॉकअप दबेल तेव्हा नळकांडं टायला वर ढकलेल आणि ती तिथेच राहील. टाय ते नळकांडं हे अंतर म्हणजे तुमचा सगळ्यात मोठा धक्का. बंप स्टॉपपर्यंतच्या अंतरातून ते वजा केलं की उरतं ते शिल्लक, म्हणजेच तुमचा ट्रॅव्हलचा आकडा.

एक दुरुस्ती करावी लागते. पुढे मॅकफर्सन स्ट्रट असेल, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंग एकाच खांबात चाकाला थेट जोडलेले, जसे झेड-फोरला किंवा पोर्शे केमनला आहेत, तर शॉकअप आणि चाक जवळजवळ सारखंच हलतात. माझदा एमएक्स-५ किंवा निसान ३७०झेडसारखं पुढे डबल विशबोन, म्हणजे वर-खाली दोन आर्म, असेल तर शॉकअप चाकापेक्षा कमी हलतो. चाक १० मिमी वर गेल्यावर शॉकअप ७ मिमी दबत असेल, तर शॉकअपवरची १४ मिमी शिल्लक म्हणजे चाकाची २० मिमी. जॅकने चाक थोडं उचलून दोन्हीकडचं अंतर मोजलं की हे प्रमाण मिळतं.

शिल्लक संपेपर्यंत खाली घ्यायचं, आणि जास्त हवं असेल तर कडक स्प्रिंग घालायची, असा सल्ला तुम्हाला मिळेल. त्यातला कडक स्प्रिंगचा भाग कुठे तुटतो ते सांगतो. धक्क्यातली ऊर्जा स्प्रिंगला शोषायची असते, आणि स्प्रिंग जितकी दबते त्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात ती ऊर्जा शोषते. ६० मिमी ट्रॅव्हलचा ४० झाला, तर तोच धक्का बंप स्टॉपला न लागता झेलायला स्प्रिंग सव्वादोन पट कडक हवी. ६० चा ३० झाला तर चार पट! बाजारातल्या लोअरिंग स्प्रिंग मूळपेक्षा एवढ्या कडक नसतात, आणि असत्या तर पुण्याच्या रस्त्यावर पाठीने तक्रार केली असती. म्हणजे खूप खाली घेतलेली गाडी प्रत्यक्षात रबरी ठोकळ्यावर चालते. वळणात मधोमध ठोकळा लागला की त्या बाजूचं सस्पेन्शन एकदम दगडासारखं होतं आणि टायरची पकड निसटते. खंबाटकीच्या उतारावर ओल्या वळणात हे होऊ नये म्हणून हा सगळा खटाटोप.

पायरी ४: आर्मचा आकडा

स्ट्रट असलेल्या गाडीसाठी हे माप सगळ्यात सोपं आहे. गाडी सपाट जमिनीवर चाकांवर उभी असू द्या. पुढच्या लोअर आर्मचा आतला बोल्ट, जिथे तो सबफ्रेमला जोडलाय, आणि बाहेरचा बॉल जॉइंट, म्हणजे चाकाकडचा गोल सांधा, या दोघांच्या केंद्रांची जमिनीपासूनची उंची मोजा. बहुतेक गाड्यांत बाहेरचा जॉइंट खाली असतो. आतला बोल्ट १८ मिमी वर असेल, तर गाडी १८ मिमी खाली आल्यावर आर्म आडवा होईल. तोच तुमचा आर्मचा आकडा. त्याहून खाली गेलात की आर्मचं बाहेरचं टोक वर उचललेलं दिसतं, आणि इथून गाडी बिघडायला लागते. गाडी वळणात ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू गाडीच्या वजनाच्या केंद्रापेक्षा जास्त वेगाने खाली जातो, त्यामुळे गाडी खाली असूनही जास्त कलते. स्टिअरिंगच्या टाय रॉडचा कोनही बदलतो, मग खड्ड्यात चाक आपोआप थोडं वळतं आणि सरळ रस्त्यावर स्टिअरिंग हातात वळवळतं. लांब बॉल जॉइंट लावून हे काही अंशी सुधारता येतं, पण नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

डबल विशबोनवर हा नियम इतका कडक नाही, तरी आर्म उलटा उचललेला दिसला तर थांबा.

मग आकडा किती येतो?

माझ्या गाडीत सगळ्यात लहान आकडा रस्त्याचा निघाला, २२ मिमी, आणि मी २० वर थांबलो. तुमचा १० येईल किंवा ३०. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला १५ ते २५ मिमी पुरतं असा माझा अनुभव आहे, आणि ही गोष्ट गाडी बनवणाऱ्यांनाही माहीत आहे. पोर्शेने ७१८ केमनसाठी दिलेलं पीएएसएम (शॉकअपचा कडकपणा इलेक्ट्रॉनिक पद्धतीने बदलणारं) सस्पेन्शन गाडी १० मिमी खाली घेतं आणि त्याचा स्पोर्ट प्रकार २० मिमी. ज्यांच्याकडे रेसिंगचा एवढा अनुभव आहे ते वीसवर थांबतात, यावर विचार करा. आणि तुमची गाडी मुळातच अशा सस्पेन्शनची असेल तर कंपनीने ते मिमी आधीच खर्च केलेले आहेत, हे विसरू नका.

पुढे-मागे सारखंच खाली घ्या, म्हणजे मूळ गाडीत पुढच्या-मागच्या उंचीत जेवढा फरक होता तेवढाच राहील. मागून बसलेली गाडी फोटोत कशीही दिसो, चालवायला चांगली लागत नाही.

पायरी ५: कशाने खाली घ्यायची

मूळ स्प्रिंग कापणे आणि गॅसने तापवून बसवणे हे दोन्ही प्रकार गल्लीतल्या गॅरेजमध्ये अजून होतात. हात जोडून सांगतो, करू नका. तापवलेल्या स्टीलचा गुण जातो. कापलेली स्प्रिंग चाक लोंबकळलं की आपल्या जागेतून सुटते आणि पुन्हा बसताना वाकडी बसू शकते.

१५ ते २५ मिमीसाठी, शॉकअप चांगले असतील तर, तुमच्याच मॉडेलसाठी बनवलेल्या नावाजलेल्या कंपनीच्या स्प्रिंग पुरेशा आहेत. शॉकअप ७०-८० हजार किलोमीटर चाललेले असतील तर सोबत तेही बदला, कारण थकलेला शॉकअप नवी, कडक स्प्रिंग आवरू शकत नाही. उंची कमी-जास्त करता येणारे कॉइलओव्हर घ्यायचे तर आधी एक प्रश्न विचारा: खाली घेताना फक्त स्प्रिंगची बैठक सरकते, की खालचा ब्रॅकेट सरकून पूर्ण लांबी बदलते? पहिल्या प्रकारात प्रत्येक मिमीला ट्रॅव्हल जातो, दुसऱ्यात तो बराच वाचतो. तरी टायर आणि फेंडरमधली आणि पोटाखालची जागा कमी होतेच, त्यामुळे दुसरा प्रकार घेतला म्हणून रस्त्याचा आकडा बदलत नाही.

पायरी ६: बसवून घेताना मेकॅनिककडे उभे राहा

दोन गोष्टी हमखास चुकतात. पहिली, लोअर आर्मचे बुशवाले बोल्ट गाडी लिफ्टवर हवेत असताना पूर्ण आवळले जातात. मग गाडी खाली आली की बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. हे बोल्ट आधी हलके लावायचे आणि गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच शेवटचे आवळायचे. मेकॅनिक दादांना आधीच सांगून ठेवा. अनुभवी माणूस लगेच मान डोलावेल. दुसरी, हेडलाइटची उंची आपोआप ठरवणारा सेन्सर सस्पेन्शनच्या आर्मला जोडलेला असेल तर तो नव्याने जुळवावा लागतो. नाहीतर रात्री समोरच्याच्या डोळ्यांत प्रकाश जातो किंवा तुम्हालाच रस्ता दिसत नाही.

गाडी लिफ्टवरून उतरली की स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पूर्ण फिरवा आणि टायर आतल्या प्लास्टिकला कुठे लागतो का ते बघा. ब्रेकचा पाइप दोन्ही टोकांना ताणला किंवा घासला जाता कामा नये.

पायरी ७: अलाइनमेंट, आणि नंतर पुन्हा एकदा

नव्या स्प्रिंग बसायला ३०० ते ५०० किलोमीटर घेतात आणि त्यात गाडी आणखी काही मिमी उतरू शकते. पहिल्या दिवशी तात्पुरतं अलाइनमेंट करा, पक्कं त्या किलोमीटरनंतर. तेव्हा चारही चाकांची मापं वहीतल्या जुन्या आकड्यांशेजारी लिहा. अलाइनमेंटच्या वेळी ड्रायव्हरच्या सीटवर वजन असावं. खाली घेतल्यावर कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरून आत झुकण्याचा कोन, थोडा वाढतो. पुढे उणे एक ते दीड अंश रस्त्यावर चालतो. टायर आतून खाल्ला जातो त्याचं खापर लोक कॅम्बरवर फोडतात, पण बहुतेक वेळा दोषी असतो टो (वरून पाहिल्यावर चाकांचं तोंड किती आत किंवा बाहेर वळलंय ते), जो गाडी खाली आल्यावर आपोआप बदललेला असतो. मशीनच्या स्क्रीनवर सगळं हिरवं दिसतंय एवढ्यावर समाधान मानू नका, चारही चाकांचा टो छापून घ्या.

चालवताना अरुंद स्पीडब्रेकर तिरका घ्या, एकेक चाक चढू द्या, आणि चढायच्या आधी ब्रेक सोडून द्या म्हणजे नाक वर येईल. साचलेल्या पाण्यात आता आधीच्या अंदाजाने जाऊ नका. एअर इनटेकही, म्हणजे इंजिनचं हवा घेण्याचं तोंड, तेवढाच खाली आलेला आहे.

महिन्याभराने टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवा. बाहेरच्या कडेपेक्षा ती खरखरीत किंवा धारदार लागली तर पुन्हा अलाइनमेंटला जा. आणि ती केबल टाय काढून टाकू नका. नव्या उंचीवर ती पुन्हा नळकांड्याला टेकवा आणि आणखी एक आठवडा गाडी चालवा. ती बंप स्टॉपपर्यंत गेलेली दिसली, तर पाच मिमी वर घ्या.